देवाच्या तुपाचा साबण

विंझरच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याची वाट सोडून दोन डोंगर चढलं की करवंदीचा माळ नावाची धनगरांची वस्ती लागे. थोडीशी खोपटी, त्यांच्या कितीतरी पट म्हशी, आणि शेरडं-मेंढरं. १९४८ साली भोरचं संस्थान विलीन झालं ही बातमी वस्तीवर पोचली. तिच्यामुळे काय बदललं हे सांगायला मात्र वर कोणी चढून आलं नाही. बदल आला तो पुढं आठ-नऊ वर्षांनी, पत्र्याच्या पेटीत बसून. ती पेटी पारूबाईच्या डोक्यावर होती.

पारूबाई वस्तीची सुईण. सरकारनं खेड्यापाड्यांतल्या सुइणींना शिकवायचं काढलं तेव्हा तिलाही भोरला बोलावणं आलं. ती गेली, शिकली, आणि परत येताना पेटी घेऊन आली. पेटीत कात्री होती, दोरा होता, नखं घासायचा ब्रश होता आणि तांबड्या साबणाच्या वड्या होत्या. साबणाला दवाखान्याचा वास येई. बाळंतिणीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत घासायचं, लावून झाल्यावर घासायचं आणि मधे शंका आली तर पुन्हा घासायचं, असं तिला वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं. पारूबाईला शंका फार येत.

त्यालाही कारण होतं. पूर्वी वस्तीवर एखादं पोर चांगलं धडधाकट जन्मायचं आणि आठवड्याच्या आत आकडी येऊन ताठ व्हायचं. लोक म्हणायचे, सटवीनं नेलं. पारूबाईही तसंच म्हणायची. भोरला तिला कळलं की त्यातल्या बऱ्याच पोरांच्या बाबतीत सटवी निर्दोष होती. नाळ कापणारा विळा आणि कापणारीचा हात यांच्यावर गुन्हा शाबीत होत होता. कापणारी कोण, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या रात्री ती शिकायला आलेल्या बायकांच्या ओळीत भिंतीकडं तोंड करून झोपली. माळावर परतल्यापासून तिनं विळ्याला शिवलं नाही, आणि तेव्हापासून माळावरचं एकही पोर आकडीनं गेलं नाही.

गेले ते तिचे हात. तो साबण ज्या कोणी बनवला त्याच्या डोळ्यांपुढं फरशी असावी. थंडीचे दिवस आले तशी पारूबाईच्या तळव्यांना भेगा पडल्या, बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या आणि पाण्यात हात घातला की पाणी लाल व्हायला लागलं. ती रात्री लोणी चोळायची, सकाळी साबणानं धुवायची. रोजच्या या कुस्तीत साबणच जिंकायचा. तिचा हात लुगड्याला अडकायचा. चंद्री नावाची म्हैस, जी दुसऱ्या कोणाच्या हाती पान्हा सोडत नसे, ती पारूबाई धारेला बसली की लाथ झाडायला लागली.

पौषात नर्सबाईंनी तिचे हात पाहिले. उलटेसुलटे करून पाहिले.

"पारूबाई, अशा हातांनी बाळंतपण करायचं नाही."

"बाई, तुमीच म्हनला घासा."

"घासायचंच आहे. पण चिरेत घाण बसते, ती साबणानं निघत नाही. बाळंतिणीलाही धोका, तुम्हालाही. एकही चीर असली तरी हात लावायचा नाही. कबूल?"

पारूबाईनं कबूल केलं. न घासता हात लावायचा नाही, आणि घासलं की हात लावण्याजोगे राहत नाहीत. दोन्ही नियम खरे होते आणि दोन्ही मिळून पारूबाईला घरी बसवत होते. नर्सबाईंनाही ते दिसत होतं. त्यांनी दवाखान्यातलं मलम दिलं आणि दुसरा साबण नाही म्हणून सांगितलं. जे नव्हतं ते त्या कुठून देणार?

माळावर त्या वेळी रायबाची सून भागूबाई पोटुशी होती. तिचे दिवस मिरगाच्या तोंडाला भरणार होते. पहिल्या खेपेला ती अडली होती, आणि पारूबाईनं तिला दीड दिवस बोलतं ठेवून सोडवली होती. आता सासरा म्हणू लागला, की वेळ आली की झोळी करून खाली वेल्ह्याला न्यायची. भागूबाई म्हणाली, "झोळीत घालायला म्या काय कोकरू हाय? म्या पारूआत्याच्याच हाती." हे ती पारूबाईसमोर म्हणाली. पारूबाईनं हात पदराखाली घेतले.

हे सगळं तिचा नवरा हैबती पाहत होता. हैबती उंच, वाळलेला, कमी बोलणारा. बायकोबद्दल त्याला काय वाटतं हे त्यानं लग्नापासून कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. तशी चाल नव्हती. तो नुसता चंद्रीच्या मागच्या पायाशी जाऊन उभा राहायचा, म्हणजे पारूबाई धार काढत असताना म्हशीनं लाथ झाडली तर ती त्याला लागावी. एका सकाळी लाथ खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "साबन म्हंजी आस्तंय तरी काय?"

"मला काय म्हाईत? वडी आस्ती," पारूबाई म्हणाली.

हैबती नसरापूरला गेला.

नसरापुरात त्या काळी ग्रामोद्योगाचं एक लहानसं केंद्र होतं. तिथं आनंदराव नावाचे शिक्षक लोकांना तेलाचा साबण करायला शिकवत. लोक म्हणजे बहुधा कोणी नसे. त्यामुळं अंगावर घोंगडं घेतलेला माणूस दारात उभा राहून "साबन शिकायचाय" म्हणाला, तेव्हा आनंदरावांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी चहा पाजला आणि मग नाव विचारलं.

आनंदराव सज्जन होते आणि त्यांना विषय येत होता. त्यांनी हैबतीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली.

"हैबतराव, साबण म्हणजे पंगत. कॉस्टिक सोडा हा जेवायला बसलेला पाहुणा आणि तेल म्हणजे वाढप. पाहुणा उपाशी राहिला तर तो खवळतो आणि हात खातो. म्हणून तेल नेहमी थोडं उरलं पाहिजे. फार उरलं तर मात्र वडी तेलकट होते, खवट होते."

"आन् तेल कंचं?"

"तीच तर गंमत. एका तेलाचा साबण धड होत नाही. खोबरेल घातलं तर वडी कडक, फेस रग्गड, पण कातडीतलं तेलही ओढून नेतो. एरंडेल फेसाला दाटपणा देतं, पण जास्त झालं की चिकट. करंजाचं तेल मळ काढतं, औषधी आहे, पण वास! खुरासणीचं तेल हाताला मऊ, पण वडी कधी घट्ट धरत नाही. कडक आणि मऊ यांचा मेळ घालायचा. शिवाय प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. खोबरेलाला जास्त, एरंडेलाला कमी. तेल बदललं की सोडा बदलायचा."

हैबतीनं हे सगळं मन लावून ऐकलं, करंज-खोबरेलाचं प्रमाण पाठ केलं, सोडा घेतला आणि दोन डोंगर चढता चढता त्यात सुधारणा केली.

सुधारणेमागं विचार होता. हात का उलतात? उष्णतेनं. वस्तीवर कोणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. मग साबण थंड पाहिजे. आणि मास्तरांच्या प्रमाणात निम्म्याहून जास्त करंज, म्हणजे उष्णातलं उष्ण! मास्तर कडक-मऊ बघत बसले आणि मुद्द्याची गोष्टच विसरले, असं त्याला वाटलं. माणूस शिकलेला असला म्हणजे असं व्हायचं, म्हणून त्यानं मनातल्या मनात त्यांना माफही केलं. त्यानं करंज काढून टाकलं आणि त्या जागी एरंडेल घातलं. त्याची आई उन्हाळ्यात तळपायाला एरंडेल चोळायची आणि उष्णता उतरली म्हणायची. वैद्यकाच्या जुन्या पोथ्या एरंडेल उष्ण मानतात. पण हैबतीनं पोथ्या वाचल्या नव्हत्या आणि पोथ्या लिहिणाऱ्यांनी हैबतीच्या आईचे तळवे पाहिले नव्हते. सोडा तेवढाच ठेवला. सोड्याला काय कळतंय कंचं तेल हाय ते, असं तो म्हणाला.

साबण करायला त्यानं घरातलं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, नवं पातेलं घेतलं, कारण बायकोच्या हातासाठी करायची गोष्ट चांगल्या भांड्यात करावी. सोड्याचं पाणी पातेल्यात पडलं मात्र, पातेलं उकळायला लागलं. खाली विस्तव नव्हता. हैबती दोन पावलं मागं सरला. पातेलं काळं पडलं, फसफसलं आणि बुडाला भोक घेऊन शांत झालं.

"अवं, माझ्या हाताला लावायचं हाय व्हय ह्ये?" पारूबाई लांबूनच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्यानं लोखंडी कढई घेतली. तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र करून तो काठीनं ढवळत बसला. हळूहळू ते दाट होत गेलं. खोक्यात ओतलं, घोंगड्याखाली झाकलं. पुढं कितीही दिवस ठेवलं तरी त्याची वडी होईना. गुळाच्या दाट काकवीसारखा तो एक पिवळा गोळा राहिला. बोट घातलं की बोट बाहेर निघायला वेळ लागे. हाताला लावला तर फेस येईना आणि लावलेला निघेना.

पारूबाईनं तो निमूटपणे हाताला लावला, निमूटपणे अर्धा दिवस हात धूत बसली, आणि संध्याकाळी म्हणाली, "थंड हाय. लई थंड हाय." तिला एवढंच चांगलं सापडलं, आणि तिनं ते सांगितलं.

हैबती परत नसरापूरला गेला. आनंदरावांनी गोळा पाहिला, हुंगला, आणि सगळं विचारून घेतलं. ते रागावले नाहीत. "तुम्ही वैद्य म्हणून बरोबर असाल," ते म्हणाले, "पण साबणाला ताप-सर्दी होत नाही. एरंडेल कुठंही इतकं घालत नाहीत." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं करंज-खोबरेलाचा घाणा काढून दिला. माघात त्याच्या वड्या मुरल्या. उत्तम वड्या होत्या. कडक, तपकिरी, फेसाळ. पारूबाईच्या चिरा थोड्या भरूही लागल्या. फक्त वास राहिला. माळावर करंजाचं तेल एकाच कामाला वापरत, आणि ते काम म्हणजे मेंढरांची खरूज. पारूबाई पाण्याला गेली की बायका विचारत, "कंच्या मेंढराला झालीया?" एकदा ती भागूबाईचं पोट बघायला बसली, तर भागूबाईनं तोंड फिरवून ओकारी काढली. वास पोटुशीला लागतोच, म्हणून कोणी काही बोललं नाही. पण पारूबाईनं त्या वड्या म्हशी धुवायला दिल्या.

आनंदराव एका दुपारी स्वतःच माळावर चढून आले. त्यांना हा एकच विद्यार्थी होता, तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता. धापा टाकत त्यांनी ताक घेतलं आणि पारूबाईचे हात पाहिले. केंद्रात शिकवताना साबण कशासाठी करायचा याची त्यांच्याकडं छापील कारणं होती. हे कारण त्यांत नव्हतं.

"करंज अगदी कमी करू," ते म्हणाले. "खोबरेल थोडं. तुमची घरची खुरासणी मऊपणाला. पण वडी धरायला काहीतरी कडक हवं, आणि ते कातडीला सौम्यही हवं. दोन्ही गुण एकत्र फार कमी ठिकाणी असतात." थोडं अडखळून ते म्हणाले, "चरबीत असतात."

"मेंढराची? लई मिळंल," हैबती म्हणाला.

"न्हाई," पारूबाई म्हणाली. "मेलेल्या जितराबाची चरबी चोळून आत्ता जनमलेल्या पोराला हात लावू? खायाचं येगळं, त्ये येगळं."

यावर कोणी वाद घातला नाही. आनंदराव ताकाचा पेला हातात घेऊन त्याच्या कडेला चिकटलेला लोण्याचा गोळा बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला, आणि मग लगेच, पाप मनात आल्यासारखा, पडला.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही. तूप," आनंदराव हळू आवाजात म्हणाले. "तुपात ते गुण आहेत. पण खायचं तेलसुद्धा साबणात शक्यतो घालू नये असं आम्ही शिकवतो. तूप घातलं म्हणून कळलं तर केंद्राला कुलूप लावतील, आणि लावावंच."

हैबती म्हणाला, "खायाचं तूप न्हाई घालायचं. न खायाचं घालू."

माळाची एक चाल होती. रविवार खंडोबाचा, म्हणून रविवारचं दूध विकायचं नाही, घरातही खायचं नाही. त्याचं तूप करायचं आणि ते वस्तीच्या खंडोबाच्या दिव्याला द्यायचं. ही चाल कोणी घातली ते ठाऊक नाही, पण घालणाऱ्याच्या वेळी म्हशी थोड्या असाव्यात. आता म्हशी वाढल्या होत्या आणि दिवा तेवढाच होता. देवळामागच्या खोलीत तुपाची मडकी एकावर एक साठली होती. त्यांतलं जुनं तूप पिवळं-हिरवं होऊन असं खवट झालं होतं की उंदीरही त्याच्याकडं भक्तिभावानंच बघत असावेत. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. देवाचं ते देवाचं.

विचारायचं तर देवालाच विचारायला हवं होतं, आणि देवाला विचारायचं काम रायबाचं. रायबा वस्तीतला वडीलधारा, देवाची पूजा त्याच्याकडं. देवाच्या दगडावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

रायबानं प्रश्न ऐकला आणि तो हबकला. "हैबती, देवाचं तूप धुन्याला? जीभ कशी वळली रं तुजी?"

"धुन्याला न्हाई. पारूच्या हाताला."

"हात कशाला?"

"तुज्या सुनंला," हैबती म्हणाला.

रायबानं कळ्या लावल्या. वस्ती जमली होती. आनंदरावही मागं उभे होते. कौलावर आपला विश्वास नाही असं ते मनाशी म्हणत होते आणि पायांतल्या वहाणा त्यांनी काढून ठेवल्या होत्या. रायबानं विचारलं, "देवा, तुजं तूप साबनाला द्यावं का?"

डावी कळी पडली.

पारूबाई वळून चालायला लागली. तिला रागही आला नव्हता. देवानं बरोबरच सांगितलं असं तिच्या पाठीवरून दिसत होतं. रायबा मात्र जागचा हलला नाही. देवाशी त्याची जुनी ओळख होती. देवाला काय विचारावं यापेक्षा कसं विचारावं हे त्याला चांगलं कळत होतं. त्यानं दुसऱ्या कळ्या ओल्या केल्या.

"देवा, आमी तुजी लेकरं. तुज्या दिव्याला वरीसभर पुरंल एवढं तूप बाजूला काढून ठेवतो. ऱ्हायलेलं नासतंय. त्ये नासू द्यावं का लेकरांच्या हाताला लागू द्यावं, त्ये सांग. नासू द्यायाचं आसंल तर उजवी दी."

देव बराच वेळ विचार करत होता. मग डावी कळी पडली.

"दिलं," रायबा म्हणाला आणि त्यानं घाम पुसला. देवळाबाहेर आल्यावर आनंदराव हैबतीला म्हणाले, "प्रमाण बदललं की उत्तर बदलतं. हेच मी तुम्हाला सोड्याबद्दल सांगत होतो."

तूप पाण्यात उकळून, निवू देऊन, वरचा थर काढून पुन्हा उकळायचं, असं त्यांनी बरेच वेळा केलं. तळाला गाळ बसत गेला, वास कमी होत गेला. मग प्रमाणाचं भांडण झालं. आनंदराव कडक-मऊ मोजत होते आणि हैबती उष्ण-थंड. तूप थंड, खोबरेल थंड, खुरासणी उष्ण, करंज उष्ण. हैबतीला थंडाचं पारडं जड हवं होतं. आनंदरावांनाही नेमकं तूपच जास्त हवं होतं, निराळ्या कारणानं. खोबरेलावर मात्र दोघांचं जुळेना. हैबतीला ते भरपूर हवं होतं, आनंदरावांना थोडंच.

"मास्तर, थंडीला भ्याचं कारन न्हाई."

"थंडीला नाही भीत. तुमच्या घरच्या बाईच्या हाताला भितो. खोबरेल जास्त झालं तर कातडं पुन्हा फाटेल."

हे ऐकल्यावर हैबतीनं खोबरेलाचं माप स्वतःच खाली ठेवलं. एरंडेल त्याच्या आईच्या आठवणीपुरतं, एक पळी. सोडा आनंदरावांनी पुन्हा नव्यानं काढला, आणि मग त्यातला थोडा कमी केला. पाहुणा तृप्त होऊन वर तेल उरावं म्हणून. या खेपेला हैबतीनं त्यात बोट घातलं नाही.

वड्या शिमग्यानंतर कापल्या. हस्तिदंतासारख्या फिकट. वास अगदीच गेला नव्हता. जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसला काहीसा होता. मुरेपर्यंत लावायचा नाही असं आनंदरावांचं सांगणं होतं. हैबती रोज एका वडीच्या कोपऱ्याला जीभ लावून बघायचा. जिभेला चटका बसला की सोडा अजून जागा आहे. चैत्र सरता सरता चटका बसायचा थांबला. त्या दिवशी त्यानं वडी पारूबाईपुढं ठेवली आणि तो म्हशींकडं निघून गेला, परीक्षा चालू असताना वर्गाबाहेर थांबावं तसा.

साबणाला फेस बेताचा होता. पण धुतल्यावर तळवे ओढल्यासारखे झाले नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. पेरांवरच्या चिरा मिटल्या. भेगांच्या जागी पांढऱ्या रेषा राहिल्या, मग त्याही पुसट झाल्या. चंद्रीनं एका सकाळी मुकाट्यानं पान्हा सोडला. हैबती तरी सवयीनं तिच्या मागच्या पायाशी उभाच होता.

उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक चीर तेवढी राहिली. हट्टी होती. दिवसा मिटायची, कामात उघडायची. मिरगाला अजून अवकाश होता, तोवर तीही भरेल असा सगळ्यांचा हिशोब होता.

भागूबाईनं तो हिशोब मानला नाही. वैशाखात, भर दुपारी, गोठ्यात शेण भरताना तिला कळा सुरू झाल्या, आणि पहिल्या खेपेला जी पोरगी दीड दिवस अडली होती तिची या खेपेला घाई होती. झोळी बांधायचीही सवड नव्हती. तिचा नवरा ज्ञानू नर्सबाईंना आणायला डोंगर उतरून धावत सुटला. पण धावणारा ज्ञानू खाली पोचला तरी नर्सबाई वर पोचायला सांज होणार होती.

पारूबाई रायबाच्या दाराशी आली. तिनं पाणी उकळायला सांगितलं, वडी घेतली, कोपरापर्यंत घासलं, ब्रशनं नखं घासली. मग ओले हात वर धरून हैबतीजवळ गेली. तिला जवळचं नीट दिसत नसे.

"अवं, बघा. उजेडात बघा. चीर हाय का?"

आतून भागूबाईचा आवाज आला, "आत्या गं!"

हैबतीनं पाहिलं. सगळा हात साफ होता. बेचक्यात सुतासारखी एक लाल रेघ होती. चार-पाच महिने तो ज्याच्यासाठी खपला होता ते दारात उभं होतं आणि त्याच्या एका 'न्हाई'वर अडलं होतं. खोटं बोलायला इतकी सोयीची वेळ त्याच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तो जे सांगेल ते ती खरं धरणार होती.

"हाय," तो म्हणाला. "येक हाय."

पारूबाईनं डोळे मिटले आणि उघडले. मग ती वळली आणि रायबाच्या बायकोवर, फुलाबाईवर, ओरडली, "फुला, बाह्या वर कर. हिकडं ये."

"मी? आगं बाई, म्या न्हाई! मला न्हाई जमायचं!"

"तुला कोन जमव म्हनतंय? हात तुजे, बाकी माजं. घास. वर, आनखी वर. नखं घास. रडायचं आसंल तर घासता घासता रड."

फुलाबाई घासता घासता रडली. मग दोघी आत गेल्या. पारूबाई भागूबाईच्या उशाशी बसली, हात पाठीमागं बांधून, आणि फक्त बोलत राहिली. एक डोळा सुनेच्या तोंडावर, एक सासूच्या हातांवर. आता थांब. आता कळ दी. फुला, वढू नको, त्येचं त्ये येतंय, तू निस्ती धर. मानेखाली हात दी. आसा न्हाई, आसा. बाहेर वस्ती बसली होती आणि तिला एकाच बाईचा आवाज ऐकू येत होता. तो चढला नाही, घाबरला नाही, थांबलाही नाही. मग एक दुसराच आवाज आला, बारीक आणि संतापलेला.

मुलगी झाली. नर्सबाई सांजेला धापा टाकत पोचल्या तेव्हा नाळ बांधून कापून झाली होती, बाळंतीण पेज पीत होती आणि फुलाबाई अंगणात बसून आपल्याच हातांकडं अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होती. नर्सबाईंनी सगळं तपासलं. मग पारूबाईचे हात तपासले. बेचक्यातली रेघ त्यांना सापडली.

"यासाठी हात लावला नाहीत?"

"तुमीच म्हनला, बाई. येकबी नगं."

नर्सबाईंनी तिचे हात सोडले. जाताना त्यांनी फुलाबाईला पुढच्या शिक्षणाला भोरला पाठवायला सांगितलं, आणि एक वडी मागून नेली.

पोरीला पहिले दिवस फुलाबाईच न्हाऊ घालत होती. पारूबाई शेजारी बसून चुका काढायची. अंगठा तिनं कापडात गुंडाळून ठेवला होता, म्हशीची धारही बंद, आणि हैबती रोज लाथा खाऊन दूध काढत होता. बारशाच्या आदल्या दिवशी तिनं कापड सोडून अंगठा फुलाबाईपुढं धरला. रेघ गेली होती. दाबून पाहिलं, ताणून पाहिलं. गेली होती.

सकाळी ती न्हाणीत पाय लांब सोडून बसली, पायांवर पोरगी घेतली. कुडापलीकडं हैबती येऊन उभा राहिला. बायकांच्या न्हाणीजवळ पुरुषानं उभं राहायची चाल नव्हती. तो कूड दुरुस्त करत असल्यासारखा उभा राहिला.

"फेस येतुया का?" त्यानं कुडाला विचारलं.

"पोरीला साबन कोन लावतंय? डाळीचं पीठ लावलंया."

"मंग साबन?"

"हाताला लावून आलीया. बघायचाय?"

तिनं कुडाच्या फटीतून उजवा हात बाहेर काढला, ओला, डाळीच्या पिठाचा वास येणारा. पोरगी तिच्या पायांवर एका हाताखाली निवांत पडून होती, रडत नव्हती. हैबतीनं तो हात तपासायला म्हणून धरला. आधी बेचका पाहिला, मग तळवा पाहिला, मग एकेक बोट पाहिलं, आणि सगळं पाहून झाल्यावरही तो तपासतच राहिला.

आतून भागूबाई हसली. "मामा, पानी निवतंय."

"व्हय व्हय," हैबती म्हणाला, आणि त्यानं हात सोडायला आणखी थोडा वेळ घेतला.